वाद्यवृंदाच्या काठीचा मान

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

घोडकाठची वस्ती, इनामगावच्या अलीकडं,
तालुका शिरूर

आमचे मेहुणे मच्छिंद्रराव, मुक्काम दौंड, यांना त्यांचे दाजी ज्ञानू यांचा घरातल्या माणसांसकट आन् गोठ्यातल्या जनावरांसकट रामराम पोचावा.

इकडं सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल काही नाही, ते पुढं येईलच. तुमचा गुडघा काय म्हणतो? तुमच्या बहिणीचा निरोप आहे की एरंडाचं पान तेल लावून गरम करा आन् झोपताना बांधा. (मी बांधून बघितलं. गुडघा होता तसाच राहिला, धोतर मात्र वाया गेलं.) तुमच्या धाकट्या सुनेची सुटका सुखरूप झाली हे दुधाच्या टँकरवाल्याकडनं कळलं, फार आनंद झाला. मुलगा का मुलगी हे त्या येड्यानं विचारलंच नव्हतं, तवा आशीर्वाद दोन्ही बाजूंनी धरावा. हे पत्रही त्याच टँकरवाल्याच्या हाती देतोय. आजच्या काळात पत्र कशाला, फोन काय मेलाय का, असं तुम्ही म्हणाल. फोन धडधाकट आहे. पण तो हर्षदानं तिच्या पहिल्या कमाईतनं घेऊन दिलेला. ती माझ्याशी बोलत नाही, मग तिच्या फोनवरनं मी जगाशी गप्पा हाणत बसू? मलाही काही इमान आहे.

तर पाव्हणं, दुखणं हे असं. आपली नात हर्षदा माझ्याशी बोलत नाही. रोज दिवस मावळायला तिचा फोन यायचा, ‘आबा, जेवला का?’ म्हणून. आता फोन येतो तो तुमच्या बहिणीला, आन् मी शेजारी बसून नुसतं ‘व्हय का, बरं, बरं’ ऐकतो. घास गोड लागत नाही. आन् भांडण कशावरनं? एका काठीवरनं. वितीपेक्षा मोठी, हातापेक्षा लहान, पांढरीफेक, बुडाला बुचाची मूठ. तिनं धड कोंबडी हाकलता यायची नाही. ती काठी सध्या आमच्या देव्हाऱ्यात आहे. येत्या रविवारी पुण्यात हर्षदाच्या लोकांचा मोठा कार्यक्रम आहे, त्याआधी ती परत गेली नाही तर पोरगी जन्माचा अबोला धरणार. आन् परत केली तर काय होणार हे वाचून तुम्हीच सांगा मी काय करावं.

हर्षदा पुण्याच्या एका सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते हे तुम्हाला ठाऊक आहे. (जत्रेतला ऑर्केस्ट्रा नव्हे. ह्यात कोणी नाचत नाही आन् शिट्टी मारली तर बाहेर काढतात. मी आधीच विचारून घेतलं.) हे खूळ आमच्या खानदानात आलं कुठनं, तर सणसवाडीतनं. आपला बिरदेव, हर्षदाचा बाप, तिथं कंपनीत लागला तवा शेजारच्या खोलीत केरळचा एक फोरमन राहायचा. तो रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचा आन् बाकीचे दिवस खोलीत. बिरदेवची नाइट शिफ्ट, दिवसाची झोप मोडायची, म्हणून हा भांडायला गेला. पाठोपाठ ही एवढीशी हर्षदा गेली. बिरदेव भांडून परत आला, पोरगी तिथंच बसली. तीन वर्षांत तिनं त्या फोरमनला मागं टाकलं असं तो स्वतः म्हणाला, आन् वर रडला. आता ती साठ-सत्तर माणसांच्या ताफ्यात बसते, काळा झगा घालून. सगळेच काळे घालतात. मी पहिल्यांदा फोटो बघितला तवा कुणी गेलं का म्हणून विचारलं होतं.

तर ह्या लोकांचा सरावाचा हॉल गेला. हॉलच्या मालकाला तिथं मंगल कार्यालय काढायचंय. नव्या जागेसाठी पैसा हवा, म्हणून त्यांच्या कमिटीनं ठरवलं की मोठमोठ्या माणसांना बोलवायचं, खाऊपिऊ घालायचं, वाजवून दाखवायचं, आन् मंडळी खुशीत आली की मदतीचं बोलायचं. ह्यात नवीन काय सांगितलं? आपण देवळाच्या कळसासाठी हेच करतो. फरक इतकाच की आपल्याकडं पिण्याचा भाग कार्यक्रम झाल्यावर असतो आन् तो पत्रिकेत छापत नाहीत.

जागा कुठली धरली, तर आमच्या शेजारची. आनंदराव पाटील तुम्हाला माहीत आहेत. सोसायटीचे माजी चेअरमन, माझे लहानपणापासूनचे मैतर आन् तितकेच जुने वैरी. (इनामगावला मातीखाली तीन हजार वर्षांपूर्वीची घरं सापडली. ते लोक गाव सोडून का गेले ह्यावर शिकलेली माणसं अजून डोकं खाजवतायत. मला वाटतं त्यांच्यातही एखादा आनंदराव असणार.) त्यांच्या पोरानं, सत्यजीतनं, नदीकडच्या रानातला ऊस मोडून द्राक्षं लावली आन् आता तो वाइन काढतो. पत्र्याची मोठी शेड, आत लाकडी पिपं, बाहेर हिरवळ. हर्षदानंच कमिटीच्या नीलम मॅडमला ही जागा सुचवली. पोरीला वाटलं, आपल्या लोकांनी आपलं रान बघावं, आपली माणसं बघावीत. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती घरी आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आन् म्हणाली, ‘आबा, तुम्ही या, फेटा बांधून या, पहिल्या रांगेत बसा. फक्त काही करू नका.’ मी म्हटलं, मी काय करणार बाबा? खरंच, तवा माझ्या मनात काहीही नव्हतं.

माघातली दुपार, हिरवळीवर पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, पुण्याची दीडदोनशे मंडळी. आधी वाइन चाखायचा कार्यक्रम. सत्यजीतनं समजावून सांगितलं की पेला गोल फिरवा, नाक आत घाला, हुंगा, घोट घ्या, तोंडात घोळवा आन् ह्या चांदीसारख्या बादलीत थुंका. पाव्हणं, आयुष्यभर मास्तरांनी, डॉक्टरांनी, एस्टीवाल्यांनी ‘थुंकू नये’ म्हणून पाट्या लावल्या, मी पाळल्या. आन् इथं कोटातली माणसं रांगेनं बादलीत थुंकतात आन् एकमेकांना ‘वा’ म्हणतात. पिकवलेला माल थुंकून टाकायचा हे मला शेतकरी म्हणून पटेना, म्हणून मी आपला गिळत गेलो. पांढरी, गुलाबी, तांबडी, जशी आली तशी. नंतरचं जे काही घडलं त्याचा ह्याच्याशी संबंध आहे असं तुमची बहीण म्हणते. तिच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका.

खाण्याचं तर विचारू नका. परातीएवढी प्लेट आन् मधोमध मासवडीचा एक काप. एक! बाजूला रश्शाचे तीन ठिपके. मला वाटलं वाढपी बाकीचं आणायला आत गेलाय. तो आला आन् प्लेटच उचलून घेऊन गेला. मग पांढऱ्या वाइनबरोबर हुरडा आला, चमच्यानं मोजून. तुमची बहीण उठली, सत्यजीतच्या स्वयंपाकघरात शिरली आन् मासवडीचं अख्खं पातेलं घेऊन बाहेर आली. तिनं पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईला इतका आग्रह केला की त्या बाई शेवटी पदर पसरून ‘पुरे’ म्हणाल्या. (पदर नव्हता. ओढणी होती.) लोक खुश होते. हर्षदा लांबनं हात जोडून काहीतरी खुणावत होती, मला वाटलं शाबासकी देतेय.

मग वाजवणं सुरू झालं. खरं सांगतो, मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही, पण अंगावर काटा आला. मधोमध एका चौथऱ्यावर मेनेझिस साहेब म्हणून किडकिडीत टक्कल पडलेला माणूस, हातात ती पांढरी काठी. तो स्वतः काहीच वाजवत नाही, नुसती काठी हलवतो, आन् अख्खा ताफा त्या काठीकडं डोळे लावून चालतो. मी जन्मभर मेंढरं वळली, मला असली शिस्त कधी मिळाली नाही. आनंदरावांना म्हटलं, ‘पाटील, मान म्हंजी ह्यो.’ ते म्हणाले, ‘व्हय, गड्या.’ आम्ही दोघंही गप्प झालो. आनंदराव आन् मी एकाच वेळी गप्प होतो तवा काहीतरी वाईट होणार हे तुमची बहीण ओळखते, पण ती तवा पातेलं घासायला गेली होती.

त्यानंतर लिलाव. हे मात्र ऐका. टेबलावर वस्तू मांडलेल्या, प्रत्येकापुढं कागद, आन् ज्याला जी वस्तू हवी त्यानं गुपचूप जाऊन त्यावर आपली बोली लिहायची. न ओरडता! अहो, मी बिरोबाच्या जत्रेत वीसेक वर्षं लिलाव पुकारतोय. दान गुपचूप करावं, पण बोली ही चारचौघांत, शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघत केली तरच तिच्यात राम. चित्र गेलं, कुठल्याशा हॉटेलातला मुक्काम गेला, वाइनची पेटी गेली, सगळं मुक्यानं. आन् शेवटच्या कागदावर काय लिहिलेलं, तर सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला मेनेझिस साहेबांच्या जागी उभं राहून काठी धरता येईल.

काठी! मी आनंदरावांकडं बघितलं, आनंदरावांनी माझ्याकडं बघितलं. जत्रेतल्या निशाणाच्या काठीचा मान ह्या माणसानं माझ्या हातनं किती वेळा ओढून नेलाय तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. ते तरातरा गेले, कागदावर आकडा लिहिला. मी गेलो, खाली माझा लिहिला. ते परत गेले. मी परत गेलो. तिसऱ्या वेळी आम्ही दोघं एकच पेन्सिल धरून उभे होतो. मग माझं डोकं सटकलं. नीलम मॅडमच्या हातातला माइक घेतला आन् म्हटलं, मंडळी, ही चिठ्ठ्याचपाट्यांची भानगड बंद, आता लिलाव रीतीनं होईल, पाटलांची बोली आली आहे, एकवार! मॅडमनी आधी डोळे मोठे केले, पण पुण्याच्या लोकांनाही चेव आला, हात वर जायला लागले, तशा त्या हसून बाजूला झाल्या. आकडा माझ्या ऐपतीबाहेर गेला. माझ्याकडं रोकड कुठली? मी म्हटलं, पाच मेंढ्या! आनंदराव म्हणाले, ‘सात!’ (ह्या माणसाच्या दावणीला एक मेंढी नाही. नुसती हवेत बोली.) मी म्हटलं, दहा, आन् वर एक नर! पाटलांना नर सुचला नाही, तिथं ते हुकले. एकवार, दोनवार, तीनवार मीच म्हटलं आन् मीच जिंकलो. ह्यावर आनंदरावांनी हरकत घेतली, ती मी माइकवरनं फेटाळली. नीलम मॅडम धावत आल्या, ‘आबा, पॅन कार्ड आहे का? पावती करायची आहे.’ मी म्हटलं, माझं आहे, मेंढ्यांचं नाही.

मेनेझिस साहेबांनी फार अदबीनं काठी माझ्या हातात दिली आन् कानात सांगितलं, ह्यांना हा तुकडा पाठ आहे, तुम्ही नुसती हलवा. मी काठी वर केली आन् साठ माणसांनी एकदम श्वास घेतला. पाव्हणं, मी घाबरलो. खाली आणली तसा जो आवाज उठला, त्यानं मी चौथऱ्यावरनं पडायचाच राहिलो. मग हळूहळू अंगात आलं. फेटा सावरायला काठी डावीकडं नेली, डावीकडच्या सगळ्या व्हायोलिन जोरात. मानेला खाज आली म्हणून काठीनं खाजवली, तर मागचा एक बासरीवाला एकटाच लांबलचक काहीतरी वाजवून गेला. आनंदराव हरल्यामुळं खुर्चीवर बसले नव्हते, ते ताफ्याच्या पलीकडं, मोठ्या नगाऱ्याच्या मागं तोंड पाडून उभे होते. मी काठी त्यांच्यावर रोखली, म्हटलं बघा! नगारेवाल्यानं धाडकन हाणला. आनंदराव दचकून डावीकडं सरकले, मी काठी डावीकडं नेली, पितळी कर्णेवाले उठले. ते उजवीकडं पळाले, मी उजवीकडं, तिकडनं झांजा. मी त्यांना त्या अख्ख्या ताफ्याभोवती फिरवलं. लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. तुकडा संपला, पण थांबायचं कसं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. काठी हलतेय तोवर थांबायची त्या लोकांची छाती होईना, म्हणून त्यांनी पहिल्यापासून परत सुरू केलं. असं तीनदा झालं. शेवटी तुमची बहीण ओल्या हातानं पुढं आली आन् ओरडली, ‘अवो, बसा की आता!’ तवा थांबलो. काठी कपाळाला लावली, फेट्यात खोवली आन् जागेवर जाऊन बसलो. पुढचे दोन तुकडे मेनेझिस साहेबांनी नुसत्या बोटावर भागवले. मला वाटलं, रीतच असेल.

इथं खरी मेख आहे. तुम्हीच सांगा, आपल्या जत्रेत ज्यानं लिलावात काठी घेतली त्याच्या घरी ती वर्षभर राहते की नाही? राहते. बोली कवा चुकती करायची? पुढच्या जत्रेला. आन् मानकऱ्यानं मधेच मान सोडला तर काठी कुणाकडं जाते? दुसऱ्या बोलीवाल्याकडं. ह्या गोष्टी आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. मी घरी आलो, काठीला हळदकुंकू लावलं, देव्हाऱ्यात उभी केली, दिवा लावला. दुसऱ्या दिवशी नीलम मॅडमचा फोन. काठी चुकून तुमच्याकडं राहिली म्हणतात. मी म्हटलं, चुकून नाही, मानानं राहिली, आन् पुढची जत्रा होईपर्यंत राहणार. मेंढ्यांचं विचारलं. म्हटलं, त्याही तवाच मिळतील, मधल्या काळात जी कोकरं होतील ती तुमचीच, काळजी नसावी. पलीकडनं फोन कट झाला. रेंज गेली असावी.

मग मेनेझिस साहेब स्वतः आले. पुण्यातनं केक आणला होता. देव्हाऱ्यासमोर उभे राहिले, काठीवरचं हळदकुंकू बघितलं, हात जोडले. माझी खात्री होती की मागतील. मागितलं असतं तर काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. पण भला माणूस भाकरी-पिठलं जेवला, ‘फार सुंदर जागा दिलीत तिला’ म्हणाला आन् रिकाम्या हातानं गेला. त्याच दिवशी हर्षदाचा फोन. ती काठी त्यांच्या वडलांची होती, आबा. वडील गेल्यापासून ते तिच्याशिवाय मोठा कार्यक्रम करत नाहीत. मी म्हटलं, अगं पण मान... ती म्हणाली, ‘मी तुम्हाला एकच सांगितलं होतं, काही करू नका म्हणून. माझ्या माणसांत माझी लाज घालवलीत.’ आन् फोन ठेवला. तेव्हापासनं बोलत नाही.

तसं बघितलं तर काठी द्यायला माझी काय ना? मी काय दगड आहे? वडलांची वस्तू म्हटल्यावर रात्री उठून दोनदा देव्हाऱ्याकडं गेलो. पण मी काठी सोडली की ती रीतीनं आनंदरावांकडं जाणार. तो माणूस रोज सकाळी आमच्या अंगणात येऊन बसतो, चहा पितो आन् विचारतो, ‘मग आबा, झेपतोय का मान?’ त्याच्या हाती पडली तर तो काचेच्या पेटीत घालून सोसायटीच्या ऑफिसात लावेल, वर बल्ब सोडेल, आन् मेनेझिस साहेबांना ती ह्या जन्मी मिळायची नाही. माझ्याकडं निदान दिवा तरी आहे. एकीकडं नात, एकीकडं मान, आन् दारात आनंदराव. झोप उडाली आहे. बाकी सगळं क्षेम. सर्वांना नमस्कार, बाळाला गोड पापा. थोडक्यात लिहिलं आहे, जास्त समजून घ्यावं.

तुमचा दाजी,
ज्ञानू

ता. क. पत्र पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की तुम्हाला लिहायचं कारणच राहिलं. तुम्ही ही काठी चोरावी. सोडलेला मान दुसऱ्याकडं जातो, चोरीला गेलेला जात नाही. तशी काही रीतच नाही, कारण बिरोबाची काठी चोरायची छाती आजवर कुणाची झाली नाही. शुक्रवारी दुपारी जेवण झालं की मी ओसरीवर घोरत पडेन. देव्हाऱ्याची खोली उघडी असेल. तुम्हाला बघून आमची कुत्री भुंकत नाहीत, शेपूट हलवतात, म्हणून हे काम तुमच्याच जोगं. काठी थेट पुण्याला हर्षदाच्या हाती द्या. मी नंतर उठून बोंबाबोंब करेन, आनंदरावांना ऐकू जाईल इतकी. तुमच्या बहिणीला ह्यातलं काही कळू देऊ नका, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

ता. क. दुसरा. चोराला शिव्या द्याव्या लागतील, त्या मनाला लावून घेऊ नये.

ता. क. तिसरा. आता लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. आनंदरावांसाठी मी बोली लावली असं सगळ्यांना वाटतं. पाटलांना हरवण्यात सुख आहे, नाही म्हणत नाही. पण ते नंतरचं. हर्षदा घरी येते, दोन दिवस राहते. आजीशी बोलते, आईशी बोलते, फोनमध्ये बघते. माझ्याकडं बघायला तिला वेळ कुठला? त्या दिवशी मी बघितलं की वाजवताना ती त्या काठीवाल्यावरनं डोळा हलवत नाही. मला वाटलं, आपण तिथं उभं राहावं. आन् खरंच, मी काठी धरली तितका वेळ ती एकटक माझ्याकडं बघत होती. म्हणून मला लवकर थांबवेना. दहा मेंढ्यांत स्वस्त पडलं. हे तिला सांगू नका.

(ह्याच्याखाली दुसऱ्या हातचं लिहिलेलं)

मच्छिंदर, मी आक्का. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. काठी कवाच पुण्याला पोचली. बिरदेव सुट्टीला आला तवा मी त्याच्या डब्याच्या पिशवीत घालून धाडली. मेनेझिस सायबांचा फोन बी येऊन गेला. देव्हाऱ्यात हाय ती सुनेची स्वेटर विणायची सुई. बुचाची मूठ सत्यजीतनं वाइनच्या बाटलीचं बूच कापून बसवून दिली. हे रोज तिची पूजा करत्यात, मी काय बोलत न्हाई, देव कुठंबी असतो. मेंढ्यांचे पैसे बी सत्यजीतनं भरले आन् मेंढ्या आपल्याच दारात ठेवल्या. आनंदरावांस्नी सगळं ठाऊक हाय. ते रोज येत्यात ते ह्यांचं तोंड बघून हसायला. पोरगी आधी लई चिडली व्हती. आता राग न्हाई, पण आबांशी बोलायला गेली की तिला हसू फुटतंय, मग पितळ उघडं पडंल म्हणून फोनच घेत न्हाई.

तरी तू शुक्रवारी ये आन् सुई चोरून ने. न्हाईतर ह्यांना झोप लागायची न्हाई. जाताना एखादं भांडं पाड, म्हंजी चोरी झाल्याचं समाधान व्हईल. जेवायलाच ये.

शेवटचं ते वाचून मला रडू आलं, म्हणून फोनवर त्याचा फोटो काढून हर्षदाला धाडला. तिनं लिहिलं, ‘आजी, आम्ही सगळेच डोळे फाडून आबांकडं बघत होतो, हे कधी थांबतात म्हणून.’ मी फोन ठेवून चुलीकडं गेले. मग थोड्या वेळानं परत वाजला. तिनं लिहिलं व्हतं, ‘रविवारी आबांना घेऊन ये. पहिल्या रांगेत, मला समोर दिसतील असं बसव. पण त्यांचे दोन्ही हात धरून ठेव.’